चार वाजता शटर का पडायचं? २०२१ चं अनलॉक आणि दर गुरुवारचा आकडा

७ जून २०२१, सोमवार. कोरोनाचे निर्बंध पाच स्तरांत सैल व्हायचा पहिला दिवस. नागपूर पहिल्या स्तरात, म्हणजे जवळपास सगळं उघडं. कोल्हापूर चौथ्या स्तरात, म्हणजे किराणा, दूध, औषधं सोडली तर कापडवाला, भांडीवाला, मोबाईलवाला सगळे घरी बसलेले. राज्य एक, सरकार एक, आणि टीव्हीवर दोन्हीकडची दृश्यं बघून लोक एकमेकांना फोन करून विचारतायत, तुमच्याकडे चालू आणि आमच्याकडे बंद, असं कसं काय?

तर त्याचं असं आहे की दुसरी लाट महाराष्ट्रात एका दिवशी आलीच नव्हती. आधी विदर्भात पेटलं. फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ इथले आकडे वर जायला लागले आणि २२ फेब्रुवारीला अमरावतीत आठवडाभराचा लॉकडाऊन लागला, तेव्हा बाकीच्या राज्याला वाटत होतं की कोरोना संपला. मग नागपूर, पुणे, मुंबई, एप्रिलमध्ये तर बेड आणि ऑक्सिजनसाठी काय धावाधाव झाली ते सगळ्यांना आठवतंय. आणि जूनमध्ये विदर्भ मोकळा श्वास घेत होता तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा अजून लाटेच्या मध्यावरच होते. मग सगळ्या राज्याला एकच कुलूप, एकच किल्ली, हे जमणारच नव्हतं.

जिल्ह्याजिल्ह्यानुसार वागायचा प्रयोग तसा आधीही झाला होता. ३० एप्रिल २०२० ला केंद्राने रेड, ऑरेंज, ग्रीन अशी यादी काढली, त्यात महाराष्ट्राचे १४ जिल्हे रेड, १६ ऑरेंज आणि ६ ग्रीन. ग्रीन म्हणजे रुग्णच नाही किंवा २१ दिवसांत नवा रुग्ण नाही. पण तेव्हा टेस्टिंगच इतकं कमी होतं की रुग्ण सापडला नाही म्हणजे रुग्ण नाहीच असं म्हणणं जरा धाडसाचंच होतं. त्यानंतर आलं मिशन बिगिन अगेन, म्हणजे टप्प्याटप्प्याने अनलॉक, आज रस्त्याच्या या बाजूची दुकानं, उद्या त्या बाजूची, ते आठवत असेल.

२०२१ ची पद्धत त्यापेक्षा बरीच विचार केलेली होती. पाच स्तर, आणि दोनच आकडे बघायचे. एक, टेस्ट केलेल्यांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह, म्हणजे पॉझिटिव्हिटी रेट, आणि दोन, ऑक्सिजनच्या बेडपैकी किती टक्के भरलेत. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असले की पहिला स्तर, बेड २५ ते ४० टक्के असले तर दुसरा. पॉझिटिव्हिटी ५ ते १० असली किंवा बेड ४० टक्क्यांच्या वर गेले की तिसरा, म्हणजे दुकानं चारपर्यंत, शनिवार-रविवार बंद, पाचनंतर बाहेर फिरायचं नाही. पॉझिटिव्हिटी १० च्या वर गेली की चौथा, २० च्या वर गेली की पाचवा, आणि पाचव्या स्तरातल्या जिल्ह्यात जायचं-यायचं तर ई-पास. दर गुरुवारी आरोग्य विभाग आकडे देणार, जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्तर ठरवणार, आणि सोमवारपासून तो लागू. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशी मोठी शहरं जिल्ह्यापासून वेगळी मोजायची.

घोषणेचा गोंधळ मात्र झालाच. ३ जूनला मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पत्रकारांना सांगून टाकलं की १८ जिल्हे उद्यापासून अनलॉक, आणि काही तासांत सरकारकडूनच खुलासा आला की अजून काही ठरलेलं नाही, प्रस्ताव विचाराधीन आहे. दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा खरा आदेश निघाला, ७ जूनपासून लागू. तोपर्यंत दुकान उघडायचं म्हणून झाडलोट करून बसलेल्यांचं काय झालं असेल ते झालं असेल.

आता मुद्द्याची गोष्ट. पॉझिटिव्हिटी रेट म्हणजे गावात किती लोकांना कोरोना झालाय हे नाही. ज्यांचा स्वॅब घेतला त्यातले किती पॉझिटिव्ह, एवढंच. त्यामुळे कुणाचा स्वॅब घेतला यावर सगळा खेळ. समजा एखाद्या जिल्ह्यात ५०० आरटी-पीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या टेस्ट, झाल्या, ताप-खोकला असलेल्यांच्याच, आणि ५५ पॉझिटिव्ह निघाले. झाले ११ टक्के, चौथा स्तर, बाजार बंद. आता त्याच आठवड्यात भाजी मंडईत, एसटी स्टँडवर टेबल टाकून आणखी १००० जणांच्या अँटिजेन टेस्ट केल्या आणि त्यात १५ सापडले. एकूण १५०० मध्ये ७०, म्हणजे ५ टक्क्यांच्याही खाली. रोग तेवढाच, माणसं तीच, आणि जिल्हा चौथ्यावरून पहिल्या स्तराच्या दारात. अँटिजेन पटकन होते पण बरेच पॉझिटिव्ह तिच्यातून निसटतात, हे तर डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होते.

यात कुणी लबाडी केलीच असं म्हणायचं नाहीये, जास्त टेस्टिंग करणं हे चांगलंच काम. पण ज्या टक्केवारीवर बाजारपेठ उघडणार की नाही हे ठरतंय, ती टक्केवारी ज्यांनी मोजायची त्यांच्यावरच व्यापाऱ्यांचा, आमदारांचा, सगळ्यांचा दबाव, मग छेदातला, म्हणजे एकूण टेस्टचा, आकडा वाढवायचा मोह कुणाला नाही होणार? त्यात रविवारी टेस्ट कमी म्हणून सोमवारचा आकडा कमी दिसायचा, मंगळवारी-बुधवारी परत वर. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर कुणी नाचू नये, आठवड्याची सरासरी बघावी, आणि आदेशात आठवड्याचाच हिशोब ठेवला होता हे शहाणपणाचं होतं.

मुंबईची गंमत वेगळीच. सुरुवातीला तिसरा स्तर मिळाला तो बरोबर, पॉझिटिव्हिटी ५ च्या थोडी वर होती. पण पुढच्याच आठवड्यात ४.४० टक्के झाली, म्हणजे दुसरा स्तर, त्याच्या पुढच्या आठवड्यात ३.७९ आणि बेडही २५ टक्क्यांच्या खाली, म्हणजे चक्क पहिला. तरी महापालिकेने तिसराच ठेवला. कारण लोकल. बाकी शहर उघडलं की डब्यात माणसाला माणूस चिकटणार, आणि विरार, कल्याण, पनवेलहून रोज येणाऱ्यांचा हिशोब मुंबईच्या टक्केवारीत येत नाही, कारण रुग्ण मोजला जातो त्याच्या घरच्या पत्त्यावर. माझ्या मते मुंबईचा हा निर्णय बरोबर होता, फक्त लोकांना तो नीट समजावून सांगायला हवा होता, नियम सांगायचे एक आणि वागायचं दुसरं, यानं चिडचिड वाढते.

मग आला डेल्टा प्लस, कोरोनाचा नवा प्रकार. २१ जूनला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की राज्यात २१ रुग्ण सापडलेत, त्यातले ९ रत्नागिरीत, ७ जळगावात. २५ जूनला नवा आदेश, आता कुणीही तिसऱ्या स्तराच्या खाली जायचं नाही, आणि पॉझिटिव्हिटी फक्त आरटी-पीसीआरवरच काढायची. हे दुसरं वाक्य बातम्यांमध्ये कुठेतरी तळाला होतं, पण खरी दुरुस्ती तीच होती, मंडईतल्या टेबलांचा हिशोबातून पत्ता कट. पहिल्या वाक्याने मात्र ज्या जिल्ह्यांचे आकडे खरोखर खाली आले होते त्यांचंही शटर परत चार वाजता पडायला लागलं.

जुलैभर हेच चाललं. कोल्हापुरात, पुण्यात व्यापारी रस्त्यावर उतरले. त्यांचा प्रश्न साधा होता, चारपर्यंत गर्दी कोंबायची आणि चारनंतर कोरोना फिरतो काय? खरं सांगायचं तर याला कुणाकडे फारसं उत्तर नव्हतं. २ ऑगस्टला २२ जिल्ह्यांना रात्री आठपर्यंत मोकळीक मिळाली, मुंबई शहर, उपनगर आणि ठाण्याचा निर्णय तिथल्या प्राधिकरणांवर सोपवला आणि ११ मागे राहिले, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, नगर, बीड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघर. आणि १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकल खुली, बहुतेक दुकानं रात्री दहापर्यंत.

पण यावेळी सरकारने मोजपट्टीच बदलली. टक्केवारी बाजूला, आता राज्याची रोजची ऑक्सिजनची गरज ७०० टनांवर गेली तर परत लॉकडाऊन. एप्रिलमध्ये हीच गरज १७०० टनांच्या आसपास गेली होती आणि राज्यात तेवढा ऑक्सिजन तयारच होत नव्हता, बाहेरून रेल्वेने टँकर आणावे लागले होते, त्यामुळे मर्यादा इतक्या आधी, ७०० लाच का ठेवली ते समजायला सोपं.

ही बदललेली मोजपट्टी कामाला आली ती पाच महिन्यांनी, ओमिक्रॉन या आणखी नव्या प्रकाराच्या लाटेत. ७ जानेवारी २०२२ ला एकट्या मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण, पॉझिटिव्हिटी जवळजवळ २९ टक्के. जूनच्या कोष्टकाप्रमाणे हा सरळ पाचवा स्तर, सगळं बंद, ई-पास. पण बहुतेकांना लक्षणं नाहीत किंवा अगदी किरकोळ, बरेचसे बेड रिकामे, आणि घरोघरी लोक मेडिकलमधून किट आणून स्वतःच टेस्ट करतायत, ज्यातले किती महापालिकेला कळवत होते देव जाणे. मग रात्रीची संचारबंदी आणि जमावबंदी लागली, लोकल मात्र धावत राहिल्या आणि दुकानंही उघडी राहिली.