सुमात्र्याचे ढग, काबूलचा बर्फ

काबूल सोन्यावाचून राहिले तरी चालेल, पण बर्फावाचून राहू नये, अशी तेथील एक जुनी म्हण आहे. अफगाणिस्तानात आणि इराणमध्ये वर्षभराच्या पाण्याची बेगमी मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत होते. हिंदुकुश पर्वतावर हिवाळ्यात साचलेला बर्फ वसंतात वितळू लागला की हेलमंड, काबूल आणि अमू दर्या या नद्यांना पाणी चढते आणि त्यावरच उन्हाळ्यातली शेती तगते. हा पाऊस आणि बर्फ आणणारी वादळे भूमध्य समुद्राकडून येतात. तरीही एखाद्या आठवड्यात ती जोमाने बरसतील की कोरडीच निघून जातील, हे काही अंशी सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला, विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर काय घडते आहे, यावर ठरते.

या संबंधाचे मूळ एका शोधात आहे. प्रशांत महासागरातील कॅन्टन या छोट्या प्रवाळबेटावरून रोज फुगे सोडून वाऱ्याची मोजमापे घेतली जात असत. अमेरिकेतील रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या संशोधकांनी सुमारे दहा वर्षांच्या या नोंदी तपासल्या आणि 1971 मध्ये आपला निष्कर्ष मांडला. जमिनीलगतचे वारे आणि उंचावरचे वारे 41 ते 53 दिवसांच्या आवर्तनाने एकमेकांच्या उलट दिशेने बदलत होते. हे केवळ त्या बेटापुरते नसून संपूर्ण उष्ण कटिबंधाला व्यापणारे आंदोलन आहे, हे पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून ज्याचा 'एमजेओ' असा उल्लेख येतो, ते हेच मॅडन-ज्युलियन आंदोलन होय.

या आंदोलनातला ढगांचा विस्तीर्ण पट्टा हिंद महासागरावर तयार होतो आणि सेकंदाला साधारण 5 मीटर, म्हणजे सायकलस्वाराच्या गतीने, पूर्वेकडे सरकत जातो. इंडोनेशियाची बेटे ओलांडून तो पश्चिम प्रशांत महासागरावर पोहोचतो आणि पुढे थंड पाण्यावर विरून जातो. त्याच्या मागेपुढे निरभ्र आकाशाचा तेवढाच मोठा टापू असतो. उन्हाळी मान्सूनच्या काळात हीच हालचाल उत्तरेकडे वळते. भारतावर ढगांचे पट्टे असे उत्तरेकडे सरकतात, हे डी. आर. सिक्का आणि मूळच्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी 1980 मध्ये उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दाखवले होते. हिवाळ्यात मात्र ढगांचा हा पट्टा विषुववृत्ताच्या आसपासच राहतो. तो स्वतः काबूलपर्यंत कधीच जात नाही. जातो तो त्याचा परिणाम.

पूर्व हिंद महासागरावर ढग दाटतात, तेव्हा वाफेचे पाणी होताना प्रचंड उष्णता मोकळी होते. एवढ्या विस्तारावर वातावरण तापले की त्याच्या वायव्येला मोठ्या, संथ लहरी उमटतात. त्यांना रॉसबी लहरी म्हणतात. त्यांचे गणित जपानचे मात्सुनो यांनी 1966 मध्ये आणि ब्रिटनचे गिल यांनी 1980 मध्ये मांडले. या लहरी दक्षिण आशियावरून वाहणाऱ्या पश्चिमी जेट प्रवाहात, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्यांत, मिसळतात, तेव्हा इराण आणि अफगाणिस्तानावर हवा खाली उतरू लागते. खाली उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. त्याच वेळी अरबी समुद्र आणि इराणच्या आखाताकडून मिळणारे बाष्पही घटते. भूमध्य समुद्राकडून वादळ येते खरे, पण ते दुबळे झालेले असते. याउलट, पूर्व हिंद महासागरावर आकाश मोकळे असताना तेच वादळ भरपूर बर्फ देऊन जाते.

हीच वादळे पुढे पश्चिमी चक्रावात म्हणून हिमालयात पोहोचतात आणि उत्तर भारताला हिवाळी पाऊस देतात, हे लक्षात घेतले तर पंजाबच्या गव्हाला या विषयाशी काय देणेघेणे आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र या आंदोलनावर सगळा भार टाकणे बरोबर नाही. 1998 ते 2001 या वर्षांत मध्य आणि नैर्ऋत्य आशियात भीषण दुष्काळ पडला. त्यामागे दीर्घकाळ टिकलेली ला निना (विषुववृत्ताजवळच्या मध्य व पूर्व प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड होण्याची स्थिती) आणि पश्चिम प्रशांत महासागरातील तापलेले पाणी यांचा मोठा हात होता. संपूर्ण हंगामाचा कल अशा संथ बदलांतून ठरतो. मॅडन-ज्युलियन आंदोलनामुळे त्या हंगामातला एखादा आठवडा ओला होण्याची किंवा कोरडा जाण्याची शक्यता कमी-अधिक होते.

नेमके हेच अंदाजकर्त्यांच्या उपयोगाचे आहे. ऑस्ट्रेलियातील मॅथ्यू व्हीलर आणि हॅरी हेंडन यांनी 2004 मध्ये या आंदोलनाची आठ टप्प्यांत विभागणी करणारा निर्देशांक तयार केला आणि ते आज कोठे आहे, हे रोज पाहता येऊ लागले. त्याच्या आधारे दोन-तीन आठवडे पुढचा कल सांगता येतो. खरी अडचण इंडोनेशियाच्या बेटांवर येते. तेथे हे आंदोलन अनेकदा क्षीण होते, आणि ते टिकेल की नाही, हे संगणकीय प्रारूपांना अजूनही नीट सांगता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या हिवाळी पावसाचा अंदाज बांधताना ही अनिश्चितता फार जाचते, कारण तेथील जेट प्रवाह वळवणारे ढग या बेटांच्या पलीकडे, पश्चिम प्रशांत महासागरावर दाटावे लागतात. हिंदुकुशाचे तसे नाही. त्याच्यावर परिणाम करणारे ढग या बेटांच्या अलीकडेच असतात.