विंचुर्णीचा दर्यावर्दी
(पैठण येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी ४ नोव्हेंबर २०१८ रोजी वारले. वय ९१. पेपरात बातमी आली, श्रद्धांजल्या झाल्या आणि त्यातल्या बहुतेक १९७१ च्या युद्धापाशी थांबल्या. ते साहजिकच होतं. बंगालच्या उपसागरात ‘कमोर्ता’ ही युद्धनौका त्यांच्या हाताखाली होती, त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. पुढं ते पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख झाले आणि १९८३ मध्ये निवृत्त झाले. मला मात्र त्यांच्या निवृत्तीनंतरच्या माणसाबद्दल बोलायचंय.

निवृत्त झाल्यावर हा माणूस राहायला कुठं गेला? फलटणजवळच्या विंचुर्णीला. फलटण म्हणजे काही कोकण नव्हे. आपल्यासारखाच कमी पावसाचा, आभाळाकडं बघणारा मुलूख. तिथं झाडं लावत, वाघांवर आणि वन्यजीवांवर लिहीत ते राहिले. पण डोक्यात शीड होतं. एखाद्या भारतीयानं भारतात बांधलेल्या शिडाच्या नावेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

आपण पृथ्वीला फेरी घातलीच नव्हती असं नाही. लष्कराच्या इंजिनिअर लोकांनी १९८५ ते ८७ मध्ये ‘तृष्णा’ नावाच्या नावेतून ती घातली, नौदलाची ‘तरंगिणी’ २००३-०४ मध्ये जाऊन आली. पण त्या नावांवर माणसं होती. एक झोपला की दुसरा सुकाणू धरणार. एकट्याला ती सोय नाही. शिवाय नियम कडक आहेत. सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्त ओलांडायचं, निघालो त्याच बंदरात परत यायचं, किमान २१,६०० सागरी मैल कापायचे, कालव्यातून जायचं नाही आणि इंजिनावर चालायचं नाही. पनामा, सुएझ बंद म्हटल्यावर दक्षिणेची तीन भूशिरं वळसा घालून पार करावी लागतात. त्यातल्या दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या हॉर्नचं नाव काढलं की जुने खलाशीसुद्धा आवाज खाली आणतात.

२००६ मध्ये नौदलानं हे मनावर घेतलं. तेव्हा आवटी ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. स्वतः जाणं शक्य नव्हतं. कमांडर दिलीप दोंदे पुढं झाले. नाव बांधली गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी. आराखडा डच, हात आपले. ५६ फुटांची, नदीच्या नावावरून ‘म्हादेई’. ऑगस्ट २००९ मध्ये दोंदे मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरांत थांबले आणि मे २०१० मध्ये मुंबईत परतले. असं करणारे पहिले भारतीय. नंतर अभिलाष टॉमी त्याच म्हादेईतून २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता फेरी करून आले. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ फिरवून आणली. ती बांधली तीही दांडेकरांनीच.

आवटींबद्दल मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट इथं आहे. आपल्याकडं निवृत्त माणूस ‘आमच्या वेळी’ असं म्हणून सुरुवात करतो. यांनी आपली हौस तरुणांच्या हातात दिली आणि स्वतः काठावर थांबले. काठावर थांबणं सोपं नसतं. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, हिंदी महासागरात टॉमींची नाव वादळात उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, पाठीचे मणके दुखावले. एका फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. त्यानंतर दीडेक महिन्यातच आवटी गेले. टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले, ते पाहायला आवटी नव्हते.

आता पैठणचं काय? ‘आपला काय संबंध’ असा चेहरा मला पुढच्या दोन-तीन रांगांत दिसतोय.

संबंध जुना आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ही दोन्ही गावं आहेत. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथला माल गाड्यांतून भडोचला जायचा आणि पुढं शिडांवर. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. ती नाणी आंध्राच्या बाजूला सापडतात, पण राजघराणं याच गावचं. आणि अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तीन शिडांचं, रांजण भरलेलं गलबत रंगवलंय. सहलीत आपण पद्मपाणी बघतो आणि जेवायला पळतो. पुढच्या वेळी तेवढं गलबत शोधा.

वाऱ्याच्या तोंडावर थेट कुठलीच शिडाची नाव जात नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून तिरकी जाते, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकी. वारा शिडाला आडवं ढकलतो, पाण्याखालचा कणा आडवं सरकू देत नाही. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की पुढं सटकतो ना, तशी नाव पुढं निघते. हे समुद्रातच शिकावं लागतं असं नाही. आवटी ज्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख होते, तिथले छात्र शीड हाताळायला शिकतात ते खडकवासल्याच्या धरणात. हैदराबादचे लोक हुसेनसागरात शर्यती भरवतात. आणि आपल्या उशाला जायकवाडी धरणाचा नाथसागर! १९६५ मध्ये शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिराजींनी लोकार्पण केलं. तेव्हापासून आपण त्याच्याकडं टीएमसीच्या हिशेबानंच बघतो. किती टक्के भरलं, कालव्याला कधी सुटणार, वरच्या धरणांनी किती अडवलं. हा हिशेब चुकीचा नाही, त्याच्यावर आपलं पोट आहे. पण एवढ्या पाण्यावर शीड दिसू नये? थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणाऱ्या आपल्या पोरांना वारा आमच्यापेक्षा जास्त कळतो. त्यांना एकदा शिडाची नाव देऊन बघा.

नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय काही करता येणार नाही, आणि करूही नये. पक्ष्यांच्या जागा सोडूनच शीड उभारायचं. वाघांवर लिहिणाऱ्या आवटींनीही दुसरं काही सांगितलं नसतं. पण शिडाला इंजिन नाही, धूर नाही, घरघर नाही, एवढं तरी अर्जात लिहिता येईल.

एका ताईंची चिठ्ठी आलीय. ‘मुलगी सहावीत आहे, पोहता येत नाही, नावेत बसवावं का?’ ताई, आधी पोहायला शिकवा. आणि पोहता येवो न येवो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय काठ सोडायचा नाही, यात तडजोड नाही. मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची छोटी नाव असते. लांबी २.३ मीटर, वजन ३५ किलो, एक शीड, एक मूल. पंधरा वर्षांपर्यंत चालते, म्हणजे तिचं वय अगदी बरोबर आहे. सुरुवातीलाच नाव मुद्दाम उलटी करायला लावतात आणि ती सरळ करून परत आत चढायला शिकवतात. तो धडा बघायला तुम्ही काठावर जरूर थांबा. फक्त ओरडू नका.