इन्व्हर्टिंग सॅम्पल-अँड-होल्ड : स्विचची जागा

मित्रहो, सॅम्पल-अँड-होल्ड, म्हणजे सिग्नलचं त्या क्षणाचं व्होल्टेज पकडून धरणारं सर्किट, मुळात लागतो कशाला, ते आधी पाहू. १२ बिटांचा, २५ मायक्रोसेकंदांत रूपांतर करणारा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा कन्व्हर्टर) घ्या. त्या वेळात सिग्नल एका पायरीहून, म्हणजे पूर्ण पल्ल्याच्या ४०९६व्या भागाहून, जास्त हलू नये अशी अट घाला आणि पूर्ण पल्ल्याची साइन वेव्ह द्या. गणित करून बघा, चालणारी कमाल फ्रिक्वेन्सी जेमतेम ३ हर्ट्झ येते! म्हणून रूपांतर होईपर्यंत व्होल्टेज कपॅसिटरवर धरून ठेवायचं.

नेहमीची जुळणी तुम्हाला माहीत आहे: बफर (व्होल्टेज तसंच पुढे देणारा टप्पा), स्विच, ग्राउंडला जोडलेला कपॅसिटर, पुन्हा बफर. पण स्विच उघडताना, म्हणजे जोडणी तोडताना, त्या ट्रान्झिस्टर स्विचच्या गेटमधून (नियंत्रण पिनेतून) थोडा चार्ज कपॅसिटरवर सांडतो, आणि किती सांडतो ते त्या क्षणी स्विचवर किती व्होल्टेज आहे यावर ठरतं. म्हणजे सिग्नल बदलला की चूकही बदलते. अशी चूक नंतर काढायची कशी?

आता फळ्यावरची आकृती बघा. ऑप-अँपची प्लस पिन ग्राउंडला. इनपुटकडून एक रेझिस्टर, आउटपुटकडून तेवढाच दुसरा, दोघे एका बिंदूवर भेटतात. त्या बिंदूपासून मायनस पिनपर्यंत स्विच. कपॅसिटर आउटपुट आणि मायनस पिन यांच्यामध्ये. स्विच जोडलेला असताना हा साधा इन्व्हर्टिंग (चिन्ह उलटवणारा) अँप्लिफायर, उघडला की कपॅसिटरला चार्ज सोडायला वाटच उरत नाही. मला ही जुळणी आवडते ती एकाच कारणासाठी: स्विच व्हर्च्युअल ग्राउंडवर बसलाय, म्हणजे ऑप-अँप ज्या मायनस पिनेला शून्य व्होल्टवर धरून ठेवतो तिथे. इनपुट ४ व्होल्ट असो वा उणे ४, उघडण्याच्या क्षणी त्याला शून्यच दिसतं. चार्ज सांडतो, पण दर वेळी सारखाच. ५ पिकोकुलंब चार्ज १ नॅनोफॅरडवर पडला तर ५ मिलिव्होल्ट, म्हणजे १० व्होल्टच्या पल्ल्यात दोन पायऱ्या. ही चूक लहान नाही, पण स्थिर आहे, आणि स्थिर चूक वजा करता येते. त्याहून नेटकं हवं असेल तर प्लस पिन थेट ग्राउंड न करता तिथे तसाच स्विच आणि तेवढाच कपॅसिटर लावा. दोन्ही बाजूंना सारखा धक्का बसतो आणि बराचसा कटतो.

मोल वेगात मोजावं लागतं. १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरड घेतले तर टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर) १० मायक्रोसेकंद, आणि अर्ध्या पायरीपर्यंत स्थिरावायला असे नऊ लागतात. म्हणजे ९० मायक्रोसेकंद. १ किलोओहम घेतला तर काम ९ मध्ये होतं, पण मग ५ व्होल्टला ५ मिलिअँपिअर पुरवणारा सोर्स हवा. कपॅसिटर कमी करून वेग मिळवायचा मोह टाळा, कारण तोच सांडलेला चार्ज मग जास्त व्होल्ट दाखवेल.

होल्डमध्ये कपॅसिटरवरचा चार्ज हळूहळू झिरपतो, त्या गळतीची फार धास्ती नको. ०.३ नॅनोअँपिअर गळती धरली तर मिलिसेकंदाला ०.३ मिलिव्होल्ट घसरण, २५ मायक्रोसेकंदांत नगण्य. मात्र जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) इनपुट असलेल्या ऑप-अँपची गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते, त्यामुळे बंद पेटीतलं तापमान धरूनच हिशेब करा. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन किंवा सी-झीरो-जी सिरॅमिक. एक्स-सेव्हन-आर अजिबात नको, त्याला आधीचं व्होल्टेज आठवत राहतं.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. स्विच उघडल्यावर दोन रेझिस्टरांचा तो बिंदू मोकळा पडतो आणि इनपुटबरोबर हलू लागतो. उघड्या स्विचची एक पिकोफॅरड कपॅसिटन्ससुद्धा ती हालचाल मायनस पिनवर पोचवते. त्यासाठी दुसरा स्विच लावा. पहिला उघडल्यावर लगेच तो जोडला जावा आणि बिंदू ग्राउंडला बांधावा. घाईत असाल तर बिंदू आणि ग्राउंड यांच्यामध्ये उलटसुलट दोन डायोडही चालतील.

तपासताना इनपुटला आधी शून्य, मग ४, मग उणे ४ व्होल्ट द्या आणि होल्डच्या क्षणी, म्हणजे स्विच उघडताना, आउटपुटला बसणारा झटका ऑसिलोस्कोपवर मोजा. तिन्ही झटके सारखे हवेत. मग होल्डमध्येच इनपुटला साइन वेव्ह द्या. आउटपुटवर तिची लहर दिसली, तर तो दुसरा स्विच किंवा बोर्डावरचे ट्रॅक पुन्हा बघा.