छोट्या एअरबोटीला प्रोपेलर कोणता बसवायचा?

(टेबलावर लाकडी प्रोपेलर. कॅमेरा मधल्या बुंध्याजवळ.)

नमस्कार मंडळी. एअरबोट म्हणजे पाण्याखाली नाही, तर वर हवेत फिरणाऱ्या पंख्याने पुढे ढकलली जाणारी बोट. हा तिचा पंखा, म्हणजेच प्रोपेलर. इथे बुंध्यावर काय कोरलंय बघा. ३६ गुणिले १६. पहिला आकडा व्यास, इंचात. दुसरा पिच. लाकडात स्क्रू पिळताना एका फेऱ्यात तो जेवढा आत शिरतो, तसाच हा पंखा एका फेऱ्यात १६ इंच पुढे सरकायला हवा. हवा काही लाकूड नाही, तेव्हा प्रत्यक्षात तो कमीच सरकतो. पण बोट चालणार की नुसती गुरगुरणार, हे या दोन आकड्यांवर ठरतं.

समोर ठेवलंय ते ३८९ सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन, होंडा जीएक्स-३९०. पंप, जनरेटर सगळीकडे हेच दिसतं. ३६०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३६०० फेऱ्यांना, ११.७ हॉर्सपॉवर, म्हणजे ८.७ किलोवॅट. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत मोठ्या एअरबोटींवर मोटारीची नाहीतर विमानाची इंजिनं असतात, शेकडो हॉर्सपॉवरची. तिथे प्रोपेलर थोडा चुकला तरी ताकद सांभाळून घेते. आपल्याकडे अकरा-बारा घोडे. इथे चुकायला जागा नाही.

आणि मला हा विषय जवळचा का, तेही सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी गावांत शिरलं. अशा पाण्याखाली ऊस असतो, कुंपणाच्या तारा असतात, वर जलपर्णी. पाण्यात फिरणारा पंखा त्यात गुंतला की बोट जागच्या जागी थांबते. एअरबोटीचं पाण्याखाली काहीच फिरत नाही. म्हणून छोटी, स्वस्त, पण नीट बांधलेली एअरबोट आपल्या भागात असावी असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्याचं. सगळ्यात जास्त चूक होते ती पिचमध्ये. जास्त पिच म्हणजे जास्त वेग, असं समजून लोक पिच वाढवतात. हिशोब करू. १६ इंच गुणिले ३६०० फेरे, म्हणजे ताशी जवळपास ८८ किलोमीटर. आपली बोट दोन माणसं घेऊन ताशी ३० गेली तरी खूप झालं. म्हणजे १६ पिचसुद्धा वेगाच्या मानाने भरपूर आहे. तिथे २४ चा लावलात, तर बोट उभी असताना पात्यावर हवा फार तिरपी येते, पात्यावरून सुटते, आणि इंजिनाची ताकद नुसती हवा घुसळण्यात जाते. विमानाच्या पंख्याला पळत्या विमानाची हवा समोरून मिळते. आपल्याला रेटा हवा असतो तो बोट चिखलातून उठवताना, म्हणजे जवळपास जागेवर.

म्हणून पिच कमी ठेवा. व्यासाच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपासून सुरुवात करा. या इंजिनाला थेट शाफ्टवर ३६ गुणिले १६ च्या आसपास.

व्यासाचं मात्र उलटं आहे. तो वाढवता येईल तेवढा वाढवा. कारण साधं आहे: थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश ढकलली, तर तेवढ्याच ताकदीत रेटा जास्त मिळतो. पंख्यापर्यंत ८ किलोवॅट पोहोचतात असं धरू. ३६ इंचाला कागदावरचा आदर्श रेटा साधारण ४७ किलो. तेवढ्याच ताकदीत ४८ इंचाला ५७. एक पंचमांश जास्त, आणि पेट्रोल तेवढंच. खरा पंखा यातला दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश रेटा देतो, पण फरकाचं प्रमाण साधारण तेच राहतं.

मग सरळ ४८ का नाही लावायचा? कारण ताकदीची भूक व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. त्याच घडणीचा ४८ इंची पंखा त्याच फेऱ्यांना ३६ इंचीच्या चौपटीहून जास्त ताकद मागतो. इंजिन दाबलं जाईल, धूर काढेल, तापेल. उपाय म्हणजे बेल्ट आणि दोन पुल्या, १.६ ला १. इंजिन ३६००, पंखा २२५०. तेव्हा ताकदीचा हिशोब बसतो. शिवाय टोकाचा वेग सेकंदाला १७२ मीटरवरून १४४ वर येतो, आवाज उतरतो. आणि जे कोणी ६० इंची पंखा थेट शाफ्टवर लावायचं म्हणतात त्यांनी ऐका: त्याचं टोक सेकंदाला २८७ मीटर पळेल. आवाजाचा वेगच साडेतीनशेच्या आत आहे. कान फाटतील, पातं थरथरेल, आणि रेटा हाती लागणार नाही.

बेल्टचा आणखी एक फायदा. या इंजिनाची बेअरिंग पंख्याचे धक्के सोसायला बनवलेली नाहीत. वेगळ्या शाफ्टवर, दोन पिलो ब्लॉकमध्ये, म्हणजे चौकटीला बोल्टने बसणाऱ्या बेअरिंगमध्ये पंखा बसवला की तो भार इंजिनावर येत नाही.

(हातात प्रोपेलर घेऊन, उलटा-सुलटा फिरवत.)

आता दिशा. हे इंजिन शाफ्टच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. बेल्ट सरळ असला तर पंखाही तसाच फिरणार. शाफ्ट बोटीच्या मागे, पंखा सगळ्यात मागे. म्हणजे तुम्हाला डाव्या हाताचा पंखा लागणार, मागून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरून बोट पुढे ढकलणारा. नेहमीचा उजव्या हाताचा आणला आणि म्हणालात, उलटा लावू, तर बोट मागे जाईल. स्क्रू कुठूनही बघा, त्याचे आटे तेच राहतात. ऑर्डर देताना फिरण्याची दिशा तोंडी नको, चित्र काढून पाठवा.

आता खरी परीक्षा. दोरी आणि ताणकाटा. बोट पाण्यात, मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरून खालून दोर घ्यायचा. पंख्याच्या जाळीच्या चांगला खाली, वर उडून पंख्यात ओढला जाणार नाही असा. तो एकत्र करून मध्ये काटा, आणि दुसरं टोक बोटीच्या मागच्या झाडाला. पंख्याच्या मागे कोणी नाही, आणि पात्याच्या रेषेत दोन्ही बाजूंना तर अजिबात कोणी नाही. पातं तुटलं तर तिकडेच जातं. पूर्ण थ्रॉटल, काटा स्थिर होईपर्यंत थांबा, आरपीएम वाचा.

इथे एक बारकावा आहे. या इंजिनाला गव्हर्नर असतो, म्हणजे थ्रॉटल आपोआप कमी-जास्त करून फेरे ठरलेल्या आकड्यावर ठेवणारी यंत्रणा, त्यामुळे ३६०० दिसले म्हणून खूश होऊ नका. कार्बोरेटरशेजारी गव्हर्नरकडून येणारी बारीक सळई बघा. ती थ्रॉटल पूर्ण उघडून बसली आहे आणि फेरे ३६०० च्या खाली अडकलेत? पंखा जड आहे, पिच कमी करा. फेरे पूर्ण आहेत, पण सळईने थ्रॉटल अर्धवटच उघडलाय? इंजिनात ताकद शिल्लक आहे, पिच एक-दोन इंच वाढवा. सळई जेमतेम पूर्ण उघडी आणि फेरेही पूर्ण, हा तुमचा पंखा. गव्हर्नर काढून फेरे वाढवायचं मनातही आणू नका. त्यावेळी फ्लायव्हील फुटलं तर तुकडे कुठे जातील सांगता येत नाही.

हे सारखं करून बघायचं असेल तर पाती फिरवून कोन बदलता येणारा कार्बनचा पंखा सोयीचा. फक्त सगळ्या पात्यांचा कोन मधल्या बिंदूपासून एकाच अंतरावर, डिजिटल कोनमापकाने, अगदी दशांश अंशापर्यंत जुळवा. एक पातं कमी-जास्त झालं तर सगळी चौकट हादरते. पाती मात्र दोनच पुरतात. व्यासाला जागा नसेल तरच तीन.

आणि लाकडी वापरणार असाल, तर हे बोल्ट बघा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पहिल्या तासाभरानंतर टॉर्क रेंचने तपासा, नंतर ऋतू बदलला की पुन्हा. पाण्याचे तुषार पात्याची पुढची कड खातात, तिथे पॉलियुरेथेनची पट्टी चिकटवा. आणि पंखा मागे आहे हे विसरू नका: इंजिनावरून सुटलेला प्रत्येक नट, प्रत्येक क्लिप थेट पंख्यातून जाते. सगळीकडे लॉकनट, सायलेन्सरला सेफ्टी वायर. जाळी न लावता इंजिन एकदाही चालू करायचं नाही. चाचणीलासुद्धा नाही.