जुने व्हिडिओ गेम घरच्या टीव्हीवर: सुरुवात कुठून करायची

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, आज मी तुम्हाला काही विकत घ्यायला लावणार नाहीये, निदान लगेच तरी नाही. लोक भेटले की पहिला प्रश्न हाच, जुने गेम खेळायला रास्पबेरी पाय, म्हणजे तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, घेऊ का तो अ‍ॅन्बर्निक कंपनीचा हातात धरायचा कन्सोल घेऊ, आणि मी उलट विचारतो की घरात जुना लॅपटॉप आहे का, तर तो असतोच, विंडोज उघडायला फार वेळ लागतो म्हणून कपाटात ढकललेला. तो बाहेर काढा.

आता तो पुरतो कसा ते ऐका. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे टीव्ही गेम यायचे, कॅसेट घालायची, दोन रिमोट, सुट्टीत सगळी गल्ली एकाच घरात, ते बहुतेक सगळे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होते. फॅमिकॉम जपानमध्ये 1983 साली आला, प्रोसेसर साधारण 1.79 मेगाहर्ट्झचा आणि रॅम 2 केबी, हो केबीच. इम्युलेटर म्हणजे त्या जुन्या चिप जे जे करायच्या ते सगळं जसंच्या तसं करून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यामुळे त्याला मूळ मशीनपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते, पण दहा वर्षं जुन्या लॅपटॉपमध्येही ती भरपूर असते. पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचं सगळं आरामात चालतं, प्लेस्टेशन टूची हाव मात्र तिथे धरू नका.

करायचं असं की बाटोसेरा नावाची, इम्युलेटर आतच भरलेली सिस्टीम आहे, फुकट आहे, तिची इमेज, म्हणजे सगळी सिस्टीम मावलेली एक फाइल, डाउनलोड करायची, बॅलेना एचर नावाच्या सॉफ्टवेअरने ती 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची (त्यात कुणाच्या लग्नाचे फोटो नाहीत ना ते आधी बघा, सगळं पुसलं जातं), लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचा आणि एचडीएमआय केबल टीव्हीला लावायची. हार्डडिस्कवरचं विंडोज आहे तिथेच राहतं, पेनड्राइव्ह काढला की लॅपटॉप पूर्वीसारखा. काही मशीनवर सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टीम चालू होऊ न देणारं सेटिंग, बंद करावं लागतं, एवढीच काय ती कटकट. बाटोसेराबरोबर थोडे मोफत गेम येतात, म्हणजे पहिल्याच संध्याकाळी काहीतरी खेळून होतं.

पैसे घालायचेच तर कंट्रोलरमध्ये घाला. डावीकडची अधिक चिन्हाची बटणं, डी-पॅड म्हणतात ती, चांगली हवीत, कारण हे गेम कंट्रोलरवरच्या त्या अंगठ्याने फिरवायच्या काठीसाठी बनलेलेच नाहीत, काठीने मारिओ खेळून बघा, पाचव्या मिनिटाला रिमोट फेकाल. वायरचा साधा यूएसबी कंट्रोलर असला तरी उत्तम.

मग टीव्ही. आजकालचे टीव्ही चित्र सुंदर दिसावं म्हणून त्यावर आत बराच वेळ काम करतात, तुम्ही उडीचं बटण दाबता आणि मारिओ जरा उशिरा उडतो, म्हणजे खड्ड्यातच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो लावा, अर्धी तक्रार तिथेच संपते. चित्र 4:3 ठेवा, पूर्ण स्क्रीनभर ताणलं की सगळे जाडे दिसतात. आणि मला स्वतःला फार आवडणारी गोष्ट, पुष्कळांना वाटतं की कॉन्ट्रा आता जरा जास्तच फास्ट पळतोय, वय झालं आपलं, तर तसं नाहीये. अमेरिकन आणि जपानी मशीन सेकंदाला 60 फ्रेम दाखवायची, आपल्याकडे टीव्ही पाल (PAL) नावाच्या पद्धतीचे म्हणून आपली बरीच नक्कल मशीन 50 वर चालायची, म्हणजे तोच गेम साधारण 17 टक्के हळू. बाटोसेरात रेट्रोआर्च नावाचं इम्युलेटर चालवणारं सॉफ्टवेअर असतं, त्यातल्या काही निन्टेन्डो कोअरमध्ये, म्हणजे त्या त्या मशीनच्या इम्युलेटरमध्ये, रीजन म्हणून सेटिंग असतं, तिथे डेंडी निवडा, डेंडी हे रशियात विकल्या गेलेल्या अशाच एका नकलेचं नाव, आणि मग बघा, लहानपणीचा वेग परत येतो. ते निवडून मग कॉन्ट्रामध्ये ‘वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए’ दाबा, 30 जीव मिळतात, बोटांना अजून पाठ असेल.

आता अवघड जागेचं दुखणं, गेमच्या फाइली, म्हणजे रॉम. इम्युलेटर बेकायदा नाही, अमेरिकेत सोनीने प्लेस्टेशनचं इम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर केस केली होती त्यात 2000 साली अपील कोर्टाने इम्युलेटरवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. पण गेम जुना झाला म्हणून कॉपीराइट संपत नाही, आणि ते दहा हजार गेम भरलेलं कार्ड विकतात ना, ती सरळ पायरसी आहे. सरळ मार्गही आहेत, मायक्रो मेजेससारखे नवे गेम जुन्या मशीनसाठी आजही बनतात आणि त्याची रॉम रीतसर विकत मिळते, कोनामीने 2019 मध्ये कॉन्ट्राचे जुने भाग एकत्र करून पुन्हा काढलेत. शिवाय दहा हजार गेममधून माणूस खेळत नाही हो, नुसता यादी खालीवर करत बसतो. दहाच ठेवा आणि त्यातला एक संपवा.

मघाशी एक ताई विचारत होत्या की बदकं मारायचा गेम, ती बंदूक, ती चालेल का. नाही चालणार. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, बंदूक गोळी सोडत नव्हती तर तो उजेड बघत होती, आणि तोही जुन्या काचेच्या टीव्हीच्याच हिशोबाने, एलसीडीवर तो उजेड जरा उशिरा पोचतो, की गेला नेम. सिंडेन म्हणून कॅमेरा असलेली नवी बंदूक मिळते, ती चालते, पण महाग आहे. तोपर्यंत माउसने मारा बदकं.