आय सेव्हन आणि जुनी मॅट्रिक

मंडळी, विषय फळ्यावर लिहिलाय: ‘कमी पैशात चांगला लॅपटॉप प्रोसेसर’, प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. विषय येईलच. आधी माझं दुखणं.

२०१८चा पाडवा. मुहूर्तावर लॅपटॉप घ्यायचा म्हणून सकाळीच दुकानात. दुकानदार म्हणाला, “काका, आय सेव्हन घ्या, दहा वर्षं बघायला नको.” इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची नावं आय फाइव्ह, आय सेव्हन अशी. सात हा पाचापेक्षा मोठा, एवढं गणित मलाही येतं. घेतला. हार घातला, पेढे वाटले. संध्याकाळी भाचा आला, त्याच्या हातात आय फाइव्ह, आणि माझ्यापेक्षा चौदा हजारांनी स्वस्त! मी त्याला मायेने म्हटलं, “असू दे रे, तुझं भागेल.” (हशा)

मग आम्ही मुंजीचं तेच चित्रीकरण दोन्ही मशिनवर जोडायला लावलं. त्याचं झालं, तो जेवायला बसला, ताक पिऊन उठला. माझी पट्टी निम्म्याच्या थोडी पुढे. पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा. भाच्याने खालचं स्टिकर वाचलं. “मामा, तुझा ७५००यू, म्हणजे सातवी पिढी. माझा ८२५०यू, आठवी. तुझ्याकडे दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन गवंडी, माझ्याकडे चार.” जास्तीत जास्त वेग कागदावर जवळपास सारखाच, ३.५ आणि ३.४ गिगाहर्ट्झ. पण दोघांनी भिंत बांधायची की चौघांनी? नवी पिढी ऑगस्ट २०१७मध्येच आली होती. दुकानदाराने मला शिल्लक माल दिला, तोही मुहूर्तावर.

समोर जुन्या मॅट्रिकवाले बरेच दिसतायत. तुमच्या मॅट्रिकपुढे आजचा बी.ए. फिका, मान्य. पण प्रोसेसरच्या दुनियेत जुनी मॅट्रिक हरते, हे मी पदरचे चौदा हजार मोजून शिकलोय. बायको अजून दर पाडव्याला आठवण करून देते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. बरं, भराभर.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरांतही तीच गंमत. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू, तिन्ही ‘रायझन ५’. तिसरा आकडा बघा: २ म्हणजे आतली रचना झेन २, ती २०१९ची, आणि कोअर चार. ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४, दोन्हींत कोअर सहा. आडनाव एक, घरं वेगळी. ही खूण ७०००च्या मालिकेची, सगळीकडे लावू नका.

शेवटचं अक्षर. यू म्हणजे साधारण १५ वॅट, बॅटरी टिकते. एच म्हणजे ४५च्या आसपास, काम जोरात, मांडी गरम. नुसते कोअरही मोजू नका. आय५-१२३५यूमध्ये दहा कोअर, पण मोठे दोनच, बाकी आठ छोटे. १२४५०एचमध्ये आठ, त्यांत चार मोठे. जड कामाला आठवालाच पुढे.

ॲपलचा एम १ प्रोसेसर राहिला. २०२०चा, तो असलेल्या मॅकबुक एअर लॅपटॉपमध्ये पंखाच नाही, तरी पळतो. तो लॅपटॉप जुना मिळाला तर बॅटरी तपासून घ्या.

पत्रं लिहायची, बँकेचं बघायचं, नातवाशी बोलायचं, तर एवढ्या हलक्या कामाला मागच्या एखाद्या पिढीचा यूवाला आय फाइव्हही पुरतो, तो घ्या आणि वाचलेले पैसे १६ जीबी रॅमवर, म्हणजे कामाच्या तात्पुरत्या मेमरीवर घाला. रॅम कित्येकदा बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढत नाही. ते घेतानाच विचारा. आता खरंच दिवे घालवतायत. प्रश्न जिन्यात विचारा.