गवई गायब, तबला हजर

(ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली एक गच्ची. संध्याकाळ. कानात इयरफोन घालून फेऱ्या मारणारे काका.)

ग्वाल्हेरचं जनकगंज. इथल्या एका मराठी घरात सध्या काळजी आहे ती खिशात मावणाऱ्या एका जुन्या म्युझिक प्लेअरची. परवा ख्याल ऐकता ऐकता गवईच नाहीसा झाला. तबला चालू, तंबोरे चालू. गाणारा मात्र विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा.

"अगं, गेला वाटतं हा," काका पुतणीला म्हणाले. "आणि आता असला मिळायचाही नाही."

ते खरंच आहे. ऑक्टोबर २००१मध्ये ॲपलचा पहिला आयपॉड हा खिशातला प्लेअर आला तेव्हा त्यात १.८ इंचाची, ५ जीबीची हार्ड डिस्क होती. मे २०२२मध्ये आयपॉडचं शेवटचं मॉडेलही बंद झाल्याचं जाहीर झालं. काकांचा प्लेअर दुसऱ्या कंपनीचा, पण डिस्कवालाच.

महाराज बाड्याजवळच्या दुकानात निकाल लगेच लागला. "काकाजी, बोर्ड गया है." बोर्ड गेला असं म्हणायला यंत्र उघडावं लागत नाही, ही त्या निदानाची सोय!

(इयरफोनची पिन, अगदी जवळून.)

ही ३.५ मिलिमीटरची पिन. टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं आणि मागचा भाग अर्थिंगचा, दोन्ही कानांना सामाईक. हा सामाईक संपर्क सुटला तर आवाज बंद पडत नाही, हीच गंमत. मग डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक कानांपर्यंत पोचतो. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात गायक सहसा मधोमध असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखाच. वजाबाकीत तो जवळजवळ शून्य होतो. साथीतलं जे एका बाजूला झुकलेलं असेल, ते उरतं.

पुतणीने तीच फाईल फोनवर लावली. गवई हजर. प्लेअरला दुसरे इयरफोन लावले. गवई पुन्हा गायब. पिन जरा दाबून फिरवली, आणि आला! टॉर्चच्या उजेडात जॅकच्या, म्हणजे पिन बसते त्या भोकाच्या, तळाशी खिशातल्या धाग्यांचा घट्ट बोळा दिसला; त्यामुळे पिन पूर्ण आत बसतच नव्हती. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच काढला. बॅटरी फुगली तर मागचं झाकण उचललं जातं, म्हणून तेही पाहून घेतलं. झाकण सपाट होतं.

इथे ही फिल्म संपायला हवी होती. पण एकदा कान टवकारले की जुने आवाजही नव्याने ऐकू येतात.

(काका प्लेअर कानाला लावतात.)

बारीक घरघर, मग शांतता, थोड्या वेळाने पुन्हा घरघर. यात वावगं काही नाही. डिस्क सतत फिरली तर बॅटरी खाते. म्हणून पुढची गाणी मेमरीत ओढून ती थांबते. काळजीचा आवाज वेगळा असतो. 'कट्, कट्, कट्' आणि गाणं मध्येच अडकणं. काकांच्या प्लेअरमध्ये आता तोही येतो.

बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. पण हे ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित यांचं गाव. इथे घरगुती बैठका व्हायच्या आणि त्यांच्या टेपाही व्हायच्या. काकांच्या वडिलांच्या कॅसेटींवरून केलेल्या फायली याच डिस्कवर आहेत. ज्या संगणकावर त्या केल्या तो केव्हाच भंगारात गेला. कॅसेटी नातेवाइकांत वाटल्या.

पुतणीने दुरुस्तीचा विषय तिथेच थांबवला. आधी प्रत, मग स्क्रूड्रायव्हर. घरच्या टेपा पहिल्या, बाकी सगळं नंतर. एखादी फाईल अडली की तिला सोडून पुढची घ्यायची. मरायला टेकलेल्या डिस्कला तेच तेच वाचायला लावलं तर उरलेलंही हातचं जातं. सगळं उतरल्यावर डिस्कच्या जागी अडॅप्टर आणि मेमरी कार्ड बसवून बघायचं, असं ठरलंय. अशा जुन्या प्लेअरना लोक ते करतात.

बहुतेक टेपा उतरल्या. अडलेल्यांत एक भैरवी आहे. तिची मूळ कॅसेट इंदूरच्या आत्याकडे असावी, असा काकांचा अंदाज. फोन झालाय. कॅसेट सापडली, असं आत्या म्हणते. पण ती वाजवून बघायला तिच्याकडे आता टेपरेकॉर्डर नाही.